लेखकाचा स्वभाव कोठे शोधावा?

कथात्म साहित्याच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी भेटते: ‘जी. ए. कुलकर्णी एकलकोंडे होते, म्हणून त्यांच्या कथा उदास आहेत.’ लेखकाचे नाव बदलते, विशेषणे बदलतात. वाक्याचा साचा मात्र कायम राहतो. व्यंकटेश माडगूळकर खेड्यात वाढले, म्हणून त्यांची कथा ग्रामीण. साने गुरुजी हळवे होते, म्हणून त्यांचे लेखन हळवे. असे उत्तर लिहिणाऱ्यास मी शून्य गुण देत नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे. परंतु पूर्ण गुणही देत नाही, कारण त्यात वाचन नाही. लेखकाचे चरित्र ठाऊक असलेला, पण त्याची एकही कथा न उघडलेला मनुष्यदेखील ते वाक्य लिहू शकतो.

लेखकाची मनःस्थिती आणि त्याचे व्यक्तिमत्त्व यांचा कथेवर परिणाम होतो, याविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप शोध घेण्याच्या दिशेला आहे. आपण चरित्रातून कथेकडे जातो. जावयास हवे ते कथेच्या भाषेतून लेखकाकडे. आणि त्या वाटेने गेल्यावर जो लेखक भेटतो, तो शेजाऱ्यांना ठाऊक असलेला गृहस्थ असतोच असे नाही. ही बाब परीक्षेपुरती महत्त्वाची नाही; तिच्याशी लिहिणाऱ्याचे स्वातंत्र्य निगडित आहे, असे माझे मत आहे. ते मी क्रमाने मांडतो.

मनःस्थिती आणि स्वभाव

प्रथम दोन संकल्पना वेगळ्या केल्या पाहिजेत. मनःस्थिती ही येते आणि जाते. स्वभाव टिकून राहतो. सकाळचा राग संध्याकाळी ओसरतो. कादंबरी मात्र कित्येक महिने, कधी वर्षे लिहिली जाते. तेवढ्या काळात लेखक आनंदी होतो, आजारी पडतो, कर्ज फेडतो, मुलीचे लग्न करतो. यांपैकी कोणत्या मनःस्थितीने कादंबरी घडली, असे म्हणावयाचे?

याला अपवाद वाटावे असे एक उदाहरण मराठीत आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात असताना, अवघ्या काही दिवसांत लिहिली. पुस्तक 1935 मध्ये प्रसिद्ध झाले. बंदिवास, मातेची आठवण आणि एकाच भावावस्थेचा ओघ, हे सारे त्या लेखनामागे होते यात संशय नाही. परंतु त्या काळी तुरुंगात राजबंदी पुष्कळ होते. आईची आठवण त्यांपैकी अनेकांना येत असणार, आणि तीही तितकीच उत्कट. म्हणजे मनःस्थिती लेखनास प्रवृत्त करते. लेखनाचे रूप ठरवीत नाही. आठवणी एका बैठकीत न सांगता रात्रीमागून रात्र, भोवती जमलेल्या श्रोत्यांना सांगितल्या जात आहेत अशी रचना गुरुजींनी केली. प्रत्येक प्रसंगातून एक संस्कार वेगळा काढून हातात ठेवला. ही निवड त्या काही दिवसांची नव्हे. मुलांमध्ये रमणाऱ्या, गोष्ट सांगून शिकविणाऱ्या शिक्षकाचा जो घडलेला स्वभाव, त्याची ती निवड आहे. मनःस्थितीने लेखणी हाती दिली. ती कशी चालवावयाची हे स्वभावाने ठरविले.

आपल्या परंपरेतील दोन सूत्रे

हा विचार पाश्चात्त्य समीक्षेतून आला, असा समज करून घेण्याचे कारण नाही. क्रौंचवधाची कथा आपणा सर्वांस परिचित आहे. वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, असे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सांगितले. त्यावर ‘लोचन’ टीका लिहिताना अभिनवगुप्ताने एक महत्त्वाचा इशारा दिला: हा शोक मुनीचा व्यक्तिगत शोक समजू नये. जो स्वतः दुःखाने व्याकूळ झाला आहे, त्याच्या ठिकाणी रसनिर्मितीस अवकाश उरत नाही. दुःख आस्वादाच्या पातळीवर गेले, म्हणूनच ते काव्य झाले.

दुसरे सूत्र कुंतकाचे. त्याच्या आधीचे काही आचार्य लेखनशैलीचे प्रकार प्रदेशांच्या नावांनी ओळखत: वैदर्भी, गौडी, पांचाली. ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात कुंतकाने ही विभागणी नाकारली. शैली म्हणजे एखाद्या देशातील चालरीत नव्हे, ती कवीच्या स्वभावातून येते, अशी भूमिका घेऊन त्याने सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे तीन मार्ग कल्पिले.

ही दोन सूत्रे एकत्र ठेवली की आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर हाती येते. लेखकाचे खासगी दुःख म्हणजे कथा नव्हे, आणि तरीही लेखकाचा स्वभाव कथेच्या भाषेत असतोच. पुढे टी. एस. एलियट याने 1919 मधील ‘ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलेंट’ या निबंधात कवीने व्यक्तिगत भावनांपासून दूर जावे, असे प्रतिपादन केले. वेन बूथ याने 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात प्रत्यक्ष लेखक आणि कलाकृतीतून प्रतीत होणारा अभिप्रेत लेखक असा भेद केला. ही नावे पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागील प्रश्न समजून घेणे अधिक उपयुक्त आहे.

भाषेत स्वभाव कसा दिसतो?

मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी आहे. त्यामुळे ‘स्वभाव भाषेत असतो’ एवढे म्हणून मला थांबता येणार नाही. तो नेमका कोठे असतो हे दाखविले पाहिजे. त्यासाठी एक साधा प्रसंग घेऊ: तहानलेला म्हातारा एका घराच्या ओसरीवर बसतो, पाणी मागतो, ते त्याला मिळत नाही. पुढील तिन्ही नमुने मी स्वतः, केवळ स्पष्टीकरणासाठी रचले आहेत.

एक: ‘म्हातारा ओसरीवर बसला. पाणी मागितले. कोणी आणले नाही. तो उठला आणि चालू लागला.’

दोन: ‘म्हातारा ओसरीवर बसला. मागितलेले पाणी या घरात कधी येत नसते, हे जणू त्याला ठाऊकच होते. आणि तरीही त्याने ते मागितले.’

तीन: ‘म्हातारा बिचारा ओसरीवर टेकला, पाणी पाणी करीत राहिला, पण एवढ्या भरल्या घरात कोणी घोटभर पाणी देईल तर शपथ!’

घटना एकच. पहिल्या नमुन्यात क्रियापदे आहेत, मूल्यदर्शक शब्द एकही नाही. दुसऱ्या वाक्यातील कर्ता गाळलेला आहे. निवेदक पाहतो आणि बोलावयाचे टाळतो. चीड यावयाची असेल तर ती वाचकाला यावी. दुसऱ्या नमुन्यात ‘येत नसते’ हे रीतिवाचक रूप आले आहे. त्या एका रूपाने एका दुपारची घटना जगाचा नियम बनली. ‘जणू’, ‘च’ आणि ‘तरीही’ या तीन अव्ययांनी म्हाताऱ्याच्या मनात एक जुनी, समजून-उमजून पत्करलेली हार निर्माण केली. तिसऱ्या नमुन्यात ‘बिचारा’, ‘एवढ्या’, ‘देईल तर शपथ’ या शब्दांतून निवेदक स्वतः ओसरीवर येऊन उभा राहिला आहे. तो पाहत नाही, तो बाजू घेतो.

आता असे समजा, की एकाच लेखकाच्या दहा कथांत, दहा निरनिराळ्या विषयांत, दुसऱ्या नमुन्यासारखी वाक्ये पुनःपुन्हा भेटतात. लग्नाच्या कथेतही, प्रवासाच्या कथेतही, बालपणाच्या कथेतही एका घटनेचा नियम होतो. मग तो योगायोग राहत नाही. एका वाक्यात मनःस्थिती असू शकेल. विषय बदलूनही जे टिकते, तो स्वभाव. यालाच मी लेखनस्वभाव म्हणतो. लेखनस्वभावाची कसोटी चरित्रात नाही, पुनरावृत्तीत आहे.

पराभवाची दोन रूपे

हे तत्त्व दोन लेखकांवर पडताळून पाहू. व्यंकटेश माडगूळकर आणि जी. ए. कुलकर्णी जवळजवळ समकालीन. दोघांच्याही कथासाहित्यात माणसाहून मोठी अशी एक शक्ती आहे, आणि तिच्यापुढे माणूस हरतो.

‘बनगरवाडी’ 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. धनगरांच्या लहानशा वस्तीत एक तरुण शिक्षक येतो, शाळा चालवितो, गावाच्या साहाय्याने तालीम उभी करतो. आणि अखेरीस दुष्काळ पडून गाव उठते. इतका मोठा विनाश. पण निवेदक कोठेही आक्रोश करीत नाही. माणसे, मेंढरे, ऊन, धूळ, आवाज यांची नोंद होत राहते. वाक्ये आखूड आहेत, विशेषणे बेताची. माडगूळकर चित्रेही काढीत, आणि रानावनात हिंडून पशुपक्ष्यांचे बारीक निरीक्षण करीत, हे आपणास माहीत असते. परंतु ते माहीत नसते तरी या गद्यावरून असे अनुमान करता आले असते, की हे लिहिणाऱ्याला आधी पाहण्याची आणि मग बोलण्याची सवय आहे.

जी. एं.ची ‘स्वामी’ ही कथा घ्या. मठात अडकलेला, आयुष्यभरासाठी बंदिस्त झालेला माणूस आणि त्याने वाढविलेली, उजेडाकडे निघालेली वेल. येथेही माणूस हरतो. परंतु ‘बनगरवाडी’त हरते ते गाव, माणसे एकमेकांसोबत वाट धरतात. ‘स्वामी’त हरणारा एकटा आहे, आणि त्याची हार कोणी पाहत नाही. तेथे दुष्काळाला ऋतू आहे, म्हणजे कधीतरी पाऊसही आहे. येथे कोंडणाऱ्या शक्तीला ऋतूच नाही. म्हणून भाषाही वेगळी होते: उपमा आणि प्रतिमा दाट येतात, रंग येतात, वस्तू केवळ वस्तू राहत नाही. एकाच आशयसूत्राला दोन स्वभाव दोन रूपे देतात.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘मग जी. ए. एकलकोंडे होते म्हणून कथा उदास, हेच खरे झाले!’ तसे नाही. जी. ए. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करीत आणि सभासमारंभांपासून दूर राहत, हे खरे. परंतु त्यांची प्रसिद्ध झालेली पत्रे वाचा. त्यांत मिस्कीलपणा आहे, गप्पांची हौस आहे, पुस्तकांविषयी अनावर उत्साह आहे, स्वतःची थट्टा आहे. ‘बखर बिम्मची’ हे मुलांसाठीचे प्रसन्न पुस्तकही त्यांचेच. व्यक्ती तीच असताना ‘काजळमाया’ आणि ‘बखर बिम्मची’ या दोहोंचा खुलासा ‘एकलकोंडा’ या एका विशेषणाने कसा होईल? माणसाच्या अंगी अनेक छटा असतात. त्यांपैकी कोणती छटा कोणत्या लेखनप्रकारात बोलू लागेल, हे लेखक त्या प्रकाराशी झुंजताना ठरते. स्वभाव कथेला घडवितो तसा कथा लिहिण्याचा सरावही लेखनस्वभावाला घडवितो. हा व्यवहार दुहेरी आहे. ‘म्हणून’ या एकमार्गी उभयान्वयी अव्ययात तो मावत नाही.

एक गंभीर आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. स्वभाव, स्वभाव म्हणून आपण समाज विसरतो की काय? लेखकाची जात, वर्ग, लिंग, पोटापाण्याचा झगडा यांनी त्याची दृष्टी घडत नाही काय? घडते, आणि हे नाकारणारी समीक्षा अर्धवट ठरेल. अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईतील कष्टकऱ्यांचे जीवन स्वतः भोगले नसते, तर त्यांची कथा आज आहे तशी नसती.

परंतु अनुभवाचा समान प्रदेश म्हणजे समान लेखन नव्हे. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ 1959 ची. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 चा. दोघांनीही जातीची वंचना जवळून पाहिली, दोघेही मुंबईच्या श्रमिक वस्तीत राहिले. तरी अण्णा भाऊंचे गद्य शाहिराचे आहे. त्यांचा नायक ताठ उभा राहतो आणि अन्यायाशी झुंजताना पोवाड्याच्या उंचीला जातो. बागुलांची माणसे शहराच्या तळाशी, हिंसेच्या आणि भुकेच्या गर्दीत सापडली आहेत; तेथे वीरगाथेचा आधार नाही, आणि गद्यही तसेच धगधगते, अस्वस्थ आहे. समाजाने दोघांना जवळपास एकच प्रश्न दिला. उत्तराचा सूर प्रत्येकाचा स्वतःचा. तो सूर ऐकल्याविना दोघांवर एकच शिक्का मारणे हा दोघांवरही अन्याय आहे.

चुकीच्या वाचनाची किंमत

प्रारंभी म्हटले होते, की याच्याशी लिहिणाऱ्याचे स्वातंत्र्य निगडित आहे. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांच्या मनाची घुसमट त्यात होती. पुस्तकाने खळबळ उडवून दिली. त्या खळबळीत कथा कशी आहे या प्रश्नाहून लेखिका कोण आहे, हा प्रश्न अधिक मोठा झाला. कथेतील स्त्रीचे मन म्हणजे लेखिकेचे गुपित, असे धरून चालणाऱ्या समाजात लिहावयाचे तर बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातील मालतीबाई बेडेकर, यांना टोपणनावाच्या आड उभे राहावे लागले.

पुढे याच लेखिकेने 1950 मध्ये ‘बळी’ लिहिली. तिचा विषय आहे इंग्रजी अमदानीत ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणाआडील वसाहतीचा. ती त्यांची आत्मकथा नव्हे. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवा. कुंपण दिसणारे असो वा न दिसणारे, त्याच्या आत श्वास कोंडलेल्या माणसाकडे पाहणारी नजर तीच आहे. लेखिकेचे व्यक्तिमत्त्व शोधावयाचेच असेल, तर ते या नजरेत शोधावे. तिच्या घराच्या खिडकीतून डोकावून ते सापडणार नाही.

ही गोष्ट जुनी झाली, असे मला म्हणता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका संपर्क सत्रात मी विद्यार्थ्यांना स्वतःची छोटी कथा लिहून आणावयास सांगितले. चाळिशीच्या एका विद्यार्थिनीने सासू आणि सून यांच्यातील अबोल्यावर अतिशय संयत कथा वाचली. वाचन संपताच पहिला प्रश्न आला, ‘ताई, हे तुमच्याच घरातले का?’ वर्ग हसला. त्या कसनुशा हसल्या आणि कागद पिशवीत ठेवून दिला. पुढच्या सत्रात त्यांनी कथा आणली नाही. विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘सर, गावात सगळे ओळखीचे आहेत.’ तो प्रश्न मी त्याच वेळी थांबवावयास हवा होता. मी थांबविला नाही, याची खंत मला आजही आहे. त्यांच्या कथेत सुनेच्या तोंडी एकही वाक्य नव्हते. सारे संवाद भांड्यांच्या आवाजांतून कळत होते. त्याविषयी वर्गात एकानेही विचारले नाही, आणि शिक्षक म्हणून मीही विचारले नाही.

अभ्यासकाने काय करावे?

तेव्हा पुढील वेळी एखाद्या लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाविषयी लिहावयाचे झाले, तर प्रथम चरित्र बाजूला ठेवून त्याच्या निरनिराळ्या विषयांवरील दोन-तीन कथा वाचा. निवेदक पात्रांपासून किती अंतरावर उभा आहे, ते पाहा. तो भाष्य कोठे करतो, कोठे टाळतो, याची नोंद घ्या. ‘जणू’, ‘बहुधा’, ‘अखेर’, ‘बिचारा’ असे लहान शब्द अधोरेखित करा; वाक्य कोठे तुटते आणि कोठे लांबते, ते मोठ्याने वाचून ऐका. लेखक कशाविषयी कधीच बोलत नाही, हेही पाहा. कारण गाळलेल्या गोष्टींतही स्वभाव असतो. यांतून जे सातत्याने हाती येईल, ते आधी लिहा. त्यानंतर चरित्र उघडा. ते जुळले तर उत्तम. न जुळले तर अधिकच उत्तम, कारण खरा विचार तेथून सुरू होतो.

आपण बहुतेक जण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. माणसाच्या मनाला एकच कप्पा नसतो, हे आपणास अनुभवाने ठाऊक आहे. कामाच्या ठिकाणी कडक असणारा मनुष्य घरी नातवंडांशी वेगळ्याच भाषेत बोलतो, आणि त्यांपैकी खोटा कोणताच नसतो. ही समजूत आपण माणसांना सहज देता. तीच लेखकालाही द्यावी, आणि शेजारी बसून कथा वाचणाऱ्या सहाध्यायिनीलाही. तिला ‘हे खरेच घडले का?’ असे विचारण्याऐवजी ‘सून एकदाही बोलत नाही, असे का केलेत?’ असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ती पुढच्या सत्रात नवी कथा घेऊन येण्याची शक्यता अधिक आहे.